डिजिटल बोर्डवरचं चित्र बिघडलं तर आधी काय बघायचं: किनाऱ्यावरच्या शाळांसाठी

जूनच्या मध्यावर शाळा उघडते, त्याच आठवड्यात मला सर्वांत जास्त फोन येतात. देवगड, मालवण, वेंगुर्ला, कधी राजापूरच्या बाजूनेही. "सर, बोर्ड गेला हो." महिना-दीड महिना बंद खोलीत राहिलेलं बोर्डाचं ७५ इंची पॅनेल, पहिल्या पावसाची झड लागून ओलावलेली भिंत, आणि बटण दाबल्यावर काळी स्क्रीन नाहीतर लुकलुकणारं चित्र. गावच्या मुंबई मंडळाने वर्गणी काढून दिलेली वस्तू असते. फोनवरच्या आवाजात काळजी असते आणि ती साहजिकच आहे.

मी शिक्षक आहे. आमच्या आणि आसपासच्या शाळांतले हे बोर्ड बघता बघता एक गोष्ट पक्की कळली: "गेला" म्हणून सांगितलेला बोर्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड असतो तो बोर्डापर्यंत चित्र आणणाऱ्या वाटेवर. ती वाट कुठे तुटली हे शोधायला पंधरा मिनिटं लागतात आणि पेचकस बहुधा लागतच नाही. ती पंधरा मिनिटं कशी वापरायची ते सांगतो.

चित्र कोणत्या वाटेने येतं

बोर्डावर चित्र तीन ठिकाणांहून येऊ शकतं. एक, बोर्डातलंच अँड्रॉइड. दोन, बाजूच्या किंवा मागच्या खाचेत सरकवलेला छोटा कॉम्प्युटर, ज्याला आपण ओपीएस म्हणतो आणि ज्याच्यावर विंडोज चालतं. तीन, एचडीएमआय किंवा टाइप-सी केबलने जोडलेला लॅपटॉप. तिघांचं चित्र बोर्डाच्या मुख्य कार्डावर येतं. तिथून ते एका छोट्या कार्डातून काचेवरच्या एलसीडीपर्यंत जातं. त्या कार्डाला मेकॅनिक लोक टी-कॉन म्हणतात. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो, तिच्यामागे एलईडीच्या पट्ट्या लावलेल्या असतात. तो बॅकलाइट.

बहुतेक बोर्डांत टच ही वेगळीच यंत्रणा असते. चौकटीत इन्फ्रारेड किरणांचं जाळं असतं आणि बोटाने किरण अडला की जागा कळते. म्हणून टच चालत नाही पण चित्र छान आहे, किंवा चित्र नाही पण टचचा आवाज येतोय, असं दोन्ही होऊ शकतं. दोन्ही तक्रारी एकत्र करू नका. आज फक्त चित्राचं बघू.

मेनूची कसोटी

ही एकच चाचणी लक्षात ठेवली तरी अर्धं काम होतं. चित्र बिघडलेलं असताना रिमोटवरचं मेनू किंवा सेटिंगचं बटण दाबा. रिमोट सापडत नसेल तर चौकटीवरचं बटण दाबा, किंवा स्क्रीनच्या कडेवरून बोट आत सरकवा. बोर्डाचा स्वतःचा मेनू बिघडलेल्या चित्रावरच उमटेल. हा मेनू लॅपटॉप पाठवत नाही, बोर्डाचं मुख्य कार्ड तो स्वतः रंगवतं.

आता नीट बघा. मागचं चित्र गुलाबी, थरथरणारं, तुटलेलं आहे आणि मेनूची अक्षरं मात्र स्वच्छ, स्थिर आहेत? मग काच, बॅकलाइट, टी-कॉन सगळं चांगलं आहे. दोष केबलचा, लॅपटॉपचा, ओपीएसचा किंवा त्या एका पोर्टचा. उलट मेनूवरूनही तीच रेघ, तोच डाग, तोच काळा पट्टा जात असेल, तर दोष बोर्डाच्या पोटात आहे आणि केबली बदलून काही होणार नाही.

मालवण तालुक्यातल्या एका शाळेत खिडकीपासून हातभर अंतरावर बोर्ड लावलेला आहे आणि खिडकीतून समुद्र दिसतो. चित्र गुलाबी होऊन मध्येच जायचं. फोनवर कुणीतरी सांगून टाकलं होतं की डिस्प्लेचं कार्ड बदलावं लागेल, खर्चाची तयारी ठेवा. मी पोचलो तेव्हा सातवीतली एक मुलगी रिमोट घेऊन उभी होती. मी मेनू दाब म्हटलं. तिने दाबला आणि म्हणाली, "सर, चित्र दिसना नाय, पण ती पट्टी बरी दिसता." निदान तिनेच केलं. केबल उपसली, मोबाइलच्या टॉर्चमध्ये पिन बघितली. बाहेरचं धातूचं कवच पांढुरकं, मळकट झालेलं, आणि आतल्या खाचेत, जिथे सोनेरी पट्ट्या चमकायला हव्यात, तिथे दोन पट्ट्यांवर शेवाळासारखा हिरवट ठिपका. केबलचं दुसरं टोक बाईंच्या टेबलाच्या खणात असायचं, ते नव्यासारखं लख्ख होतं. सुट्टीभर एक टोक खाऱ्या वाऱ्यात आणि एक खणात, एवढाच फरक. त्या शाळेला कार्डाचा नाही, एका केबलचा खर्च आला.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर

आधी दिवा बघा. चौकटीवरचा छोटा दिवा अजिबात लागत नसेल तर वीजच पोचत नाहीये. पॅनेलच्या खाली किंवा मागे, वायर जिथे आत शिरते तिथे एक वेगळा मेन स्विच असतो. सुट्टीच्या आधी कुणीतरी काळजीने तो बंद केलेला असतो आणि जूनमध्ये कुणाला आठवत नाही. मग भिंतीतला सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, आणि पॅनेलकडची पॉवर केबल घट्ट बसलीय का ते बघा. लाल दिवा बहुतेक मॉडेलमध्ये स्टँडबायचा असतो: वीज आहे, बोर्ड झोपलेला आहे.

दिवा चालू, आवाज येतोय, पण स्क्रीन काळी असेल तर आधी स्क्रीन ब्लँकचं, म्हणजे चित्र झाकून स्क्रीन काळी करणारं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहा. कित्येक रिमोटवर ते असतं आणि मुलांच्या हातून सहज दाबलं जातं. तेही नसेल तर टॉर्चची चाचणी करा. खिडक्या लावून वर्गात अंधार करा. मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरका धरा आणि हळूहळू सरकवा. अंधुक आयकॉन, घड्याळ, अक्षरं दिसली तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा उजेड मेलाय. बॅकलाइटच्या पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारं कार्ड हे काम सर्व्हिसवाल्याचं. काहीच दिसलं नाही तर प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. अडकून पडलेलं अँड्रॉइड एवढ्याने बऱ्याचदा जागं होतं.

मागचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या कार्डावरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. शिवाय ७५ इंची पॅनेलचं वजन साधारण ५० किलो आणि त्याच्या वर असतं. एकट्यादुकट्याने ते भिंतीवरून उतरवायला जाऊ नये.

"नो सिग्नल"

ही पाटी बघून लोक घाबरतात. खरं तर ती चांगली बातमी आहे: पाटी दिसतेय म्हणजे बॅकलाइटपासून काचेपर्यंत बोर्ड चालू आहे, फक्त निवडलेल्या वाटेने काही येत नाहीये.

सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून, केबल ज्या पोर्टमध्ये आहे तोच आकडा निवडलाय का बघा. पोर्टवर एचडीएमआय २ लिहिलेलं आणि निवडलेलं १, हा मला सर्वांत जास्त वेळा सापडलेला बिघाड आहे. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. एक्स्टेंड राहिलं असेल तर बोर्डावर नुसता वॉलपेपर दिसतो आणि धडा लॅपटॉपवरच राहतो. लॅपटॉपचं चित्रच अडकलंय असं वाटलं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडलेलं काम बंद होत नाही.

टाइप-सी केबलने जोडत असाल तर एक अडचण ओळखून ठेवा. टाइप-सीचं प्रत्येक पोर्ट चित्र पाठवत नाही आणि मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल बहुधा फक्त चार्जिंगपुरती असते. चित्र आलं नाही तर एचडीएमआय केबल जोडून बघा, बोर्डाला दोष देऊ नका.

लुकलुक, पांढरे ठिपके, मध्येच काळं होणं

मेनू स्वच्छ आणि चित्र लुकलुकतंय, तर संशय केबलवर. आपले बहुतेक बोर्ड फोर-के आहेत, म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर केबलमध्ये सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतची क्षमता लागते. जुनी, स्वस्त किंवा दहा मीटर लांबीची केबल तिथे दमते. आधी पांढरे ठिपके चमकायला लागतात, मग चित्र क्षणभर जातं आणि परत येतं.

तपासायला सोपं आहे. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० करा. ठिपके चौथ्या हिश्शावर येतात आणि केबलवरचं ओझंही तसंच उतरतं. चित्र लगेच शांत झालं तर केबलच दोषी. नवी केबल येईपर्यंत त्याच रिझोल्यूशनवर शिकवा, मागच्या बाकावरून फरक कळत नाही. नवी घेताना शक्यतो तीन मीटरच्या आत घ्या. टेबल लांब असेल तर केबल वाढवण्यापेक्षा टेबल सरकवणं स्वस्त पडतं.

पिनांवरचं मीठ

ही आपली किनाऱ्याची खास दुखणी, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ ओल धरून ठेवतं आणि पावसाळ्यात सकाळची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. पिनवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. वारंवार काढघाल करून तो जिथे घासला जातो तिथे खालचा धातू उघडा पडतो आणि कीट चढतो. एचडीएमआयच्या तोंडात अशा १९ पिना असतात. एखाद-दुसरीवर कीट चढला तरी रंग बदलतो किंवा चित्र जातं.

साफ करताना हा क्रम सोडू नका:

१. बोर्डाचा प्लग भिंतीतून काढा. लॅपटॉपही बंद करा.

२. केबल उपसून टॉर्चमध्ये दोन्ही टोकं बघा. वाकलेली पिन दिसली तर केबल बाद करा.

३. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं. मेडिकलमध्ये बहुधा ७० टक्केवालं मिळतं, त्यात पाणी असतं, ते इथे नको.

४. मऊ ब्रश त्यात बुडवून, निथळवून, पिनच्या खाचेत हलकेच फिरवा. बोर्डावरच्या पोर्टमध्ये स्प्रेची धार मारू नका, ओलसर ब्रशच पुरतो.

५. पंख्याखाली किमान पंधरा मिनिटं वाळू द्या. मग केबल तीन-चार वेळा घाला-काढा, म्हणजे पिना एकमेकींवर घासून उरलासुरला थर निघतो.

६. मगच वीज लावा.

पॉलिश पेपर, ब्लेड, सुई लावू नका, उरलेला मुलामाही जाईल. खोबरेल किंवा मशीनचं तेल तर नकोच, त्यावर धूळ बसते. आणि हिरवा कीट चढलेली केबल साफ होऊन चालली तरी बदलून टाका, त्या पिना पुन्हा कीट धरणार.

ओपीएस दिसत नसेल

अँड्रॉइड छान चालतंय, पण कॉम्प्युटर निवडला की काळं. ओपीएसला स्वतःचं बटण असतं, आधी ते दाबून बघा. त्याच्यावर बहुधा एचडीएमआयचं तोंडही असतं. तिथून एखाद्या साध्या टीव्हीला केबल जोडा. टीव्हीवर विंडोज दिसलं तर ओपीएस जिवंत आहे आणि दोष तो खाचेत जिथे जुळतो त्या ८० पिनांच्या सॉकेटमध्ये आहे.

तिथेही हाच खारा वारा. बोर्डाचा प्लग काढून पाच मिनिटं थांबा, दोन्ही बाजूंचे हाताने फिरणारे स्क्रू सोडवा, कडी धरून ओपीएस सरळ ओढा. पिनांवर ब्रश फिरवा, वाळवा, रुळावर सरळ बसवून शेवटपर्यंत ढकला. तिरकं ढकललं तर सॉकेट मोडतं आणि मग मात्र खरंच खर्च येतो. बोर्ड चालू असताना ओपीएस काढणं म्हणजे दोन्हीही जाळण्याची तयारी, हे वर्गातल्या मोठ्या मुलांनाही सांगून ठेवा. त्यांना उत्साह असतो.

रंग, उजेड आणि कापलेल्या कडा

हे बिघाड नसतात, सेटिंग असतात. सगळं पिवळट दिसतंय तर बोर्डाचं आय केअर किंवा विंडोजचं नाइट लाइट चालू आहे. चित्र मंद वाटतंय, ढगाळ दिवशी जास्तच, तर चौकटीवरचा उजेड मोजणारा सेन्सर बोर्डाला मंद करतोय. मेनूत ऑटो ब्राइटनेस आणि वीजबचत बंद करून बघा. त्या सेन्सरवर धूळ किंवा स्टिकर असला तरी तेच होतं. रंग विचित्र करून ठेवले असतील तर पिक्चर मोड स्टँडर्डवर आणा किंवा फक्त पिक्चर सेटिंग रीसेट करा. पूर्ण फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, कारण त्यात साठवलेले धडे आणि ॲप जातात.

कडा कापल्या जात असतील, विंडोजची खालची पट्टी अर्धीच दिसत असेल, तर आस्पेक्ट किंवा चित्राच्या आकाराच्या मेनूत पॉइंट टू पॉइंट, जस्ट स्कॅन असा पर्याय शोधा. नाव कंपनीगणिक बदलतं. हे आधी करा आणि मगच टच बघा. चित्र चौकटभर नसेल तर पेन एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटते, आणि लोक उगाच कॅलिब्रेशन, म्हणजे टचची जागा नव्याने जुळवणं, करत बसतात.

चित्र थिजलंय, आवाज पुढे चाललाय? रिमोटवरचं फ्रीझ पुन्हा दाबा.

उभ्या रेषा

मेनूवरूनही जाणारी, नेहमी त्याच जागची बारीक उभी रेघ ही काचेच्या कडेला चिकटवलेल्या नाजूक जोडणीची असते. ती शाळेत दुरुस्त होत नाही. चौकट दाबून, थोपटून ती कधीकधी क्षणभर जाते, पण दाबू नका, शेजारच्या रेघा निघतात. वॉरंटी तपासा आणि सर्व्हिसला कळवा.

काचेआड धुकं

पावसाळ्यात आमच्याकडे सर्रास दिसतं: बाहेरून कितीही पुसलं तरी एका कोपऱ्यात पांढुरका ढग. बऱ्याच मॉडेलमध्ये बाहेरची जाड काच आणि एलसीडी यांच्यामध्ये हवेची फट असते आणि दमट हवा तिथे जमते. बोर्डाच्या माहितीपत्रकात आर्द्रतेच्या आकड्यापुढे बाष्प जमू नये अशी अट असते, ती याचसाठी.

नुसता ढग असेल, थेंब नसतील, तर पंखा लावून खोली आधी कोरडी करा, मग बोर्डावर पूर्ण पांढरं पान उघडून दोन तास चालू ठेवा. बॅकलाइटच्या उबेने ढग हळूहळू विरतो. हेअर ड्रायर लावू नका, एकाच जागी तापून काच तडकू शकते. थेंब ओघळलेले दिसत असतील, किंवा कौलातून गळलेलं पाणी वरच्या कडेने आत गेलं असेल, तर बोर्ड चालूच करू नका. प्लग काढा आणि सर्व्हिसवाल्याची वाट बघा. ओल्या कार्डात वीज सोडली की वाचणारा बोर्डही जातो.

पुढचा ढग टाळायचा तर पावसाळ्यात बोर्ड रोज तासभर तरी चालवा, मे महिन्यात आणि गणपतीच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा. शिपाईकाकांना किंवा शाळेजवळ राहणाऱ्या पालकाला सांगून ठेवलं तर होतं. आणि बोर्ड प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवू नका. त्यात ओल कोंडते. सुती चादर बरी.

वीज

वळवाच्या आणि परतीच्या पावसात, मे-जून आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात, नुसता स्विच बंद करून भागत नाही. भिंतीतला प्लग आणि इंटरनेटची केबल, दोन्ही काढा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर दापोली, मंडणगडच्या कित्येक गावांनी वीज नसल्याचे दिवस काढले. वीज जेव्हा परत येते तेव्हा व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मगच बोर्ड लावा. स्टॅबिलायझर असेल तर उत्तमच.

चित्रात बारीक लाटा सरकताना दिसत असतील तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. लाटा थांबल्या तर अर्थिंग कच्चं असू शकतं. आपला जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. वायरमनकडून ते तपासून घ्या आणि मार्चपासून खड्ड्यात बादलीभर पाणी घालत राहा.

सर्व्हिसला फोन करण्याआधी

"बोर्ड चालत नाही" एवढंच सांगितलं तर माणूस कोल्हापूरहून येतो, बघतो आणि पार्ट आणायला परत जातो. तोवर पंधरा दिवस जातात. त्याऐवजी बोर्डाच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर, खरेदीची तारीख, बिघाडाचा मेनू उघडलेला फोटो, लुकलुकत असेल तर दहा सेकंदांचा व्हिडिओ, आणि काय काय करून बघितलं ते पाठवा: अँड्रॉइडवर चित्र येतं का, दुसऱ्या केबलने येतं का, टॉर्चमध्ये काही दिसलं का. मॉडेल आणि सीरियल नंबर आजच लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. भिंतीला टेकलेल्या पॅनेलच्या मागचा तो नंबर वाचायला मला एकदा मोबाइल काठीला बांधून फोटो काढावा लागला होता.